रेव्हरंड डॉक्टर रॉबर्ट स्टर्लिंग : खेडेगांवचे पाळक व उष्ण हवेच्या यंत्राचे जनक

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागांत एअरशायर नांवाचा परगणा आहे व त्यांत आयर्व्हिन नदीच्या खोऱ्यांत गॅल्स्टन म्हणून एक लहान गांव आहे. एकोणिसाव्या शतकांत ह्या गांवांत मुख्यत्वेंकरून विणकरी व कोळशाच्या खाणींतील मजूर ह्यांची वस्ती होती. अशा साध्या व कष्टाळू मंडळीचें पाळकपण एका गृहस्थानें इ. स. १८२४ पासून पन्नास वर्षांहून अधिक काळ केलें. दर रविवारीं उपदेश करणें, मुलांचे बाप्तिस्मे व तरुणांचे विवाह लावणें, आजाऱ्यांची भेट घेणें व मरणाऱ्यांच्या उशाशीं बसणें, हेंच त्यांचें आयुष्य होतें. परंतु ह्याच गृहस्थाचें नांव आज यंत्रशास्त्राच्या विद्यालयांतून देशोदेशींच्या विद्यार्थ्यांस शिकविलें जातें. उष्ण हवेवर चालणारें जें यंत्र स्टर्लिंगचें यंत्र म्हणून प्रसिद्ध आहे, तें ह्या खेडेगांवच्या पाळकानें शोधून काढिलें. त्यांचें चरित्र आणि त्या यंत्राच्या मुळाशीं असलेला सृष्टिनियम, हीं दोन्ही वाचकांपुढें ठेवण्याचें येथें योजिलें आहे. कारण एक समजल्यावांचून दुसरें नीट समजणार नाहीं.

जन्म व शिक्षण

रॉबर्ट स्टर्लिंग ह्यांचा जन्म ता. २५ ऑक्टोबर १७९० रोजीं पर्थशायर परगण्यांतील मेथवेन गांवाजवळ क्लोग येथें एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. हें घराणें शेतीचें खरें, पण त्यांत यंत्रांची आवड पूर्वीपासून होती. रॉबर्ट ह्यांचे आजोबा मायकेल स्टर्लिंग ह्यांनीं १७५८ सालीं धान्य मळण्याचें एक यंत्र तयार केलें होतें. त्या काळीं तेथील शेतकरी कणसें लांकडी सोटयांनीं झोडपून दाणे मोकळे करीत. मळणीच्या दिवसांत हातांस किती फोड येतात व पाठ किती मोडते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. माणसाचे हे कष्ट चाकांवर व पाण्याच्या वेगावर सोंपवितां येतील काय, असा विचार ज्या घरांत होत असे, त्या घरांत रॉबर्ट लहानाचे मोठे झाले.

१८०५ सालीं, वयाला पंधरा वर्षें पुरीं होण्याच्या सुमारास, ते एडिंबरो येथील विश्वविद्यालयांत दाखल झाले. तेथें त्यांनीं लॅटिन व ग्रीक भाषा, तर्कशास्त्र आणि गणित ह्यांचा अभ्यास केला. पुढें ग्लासगो येथें व पुनः एडिंबरो येथें त्यांनीं ईश्वरविज्ञानाचें शिक्षण घेतलें. १८१६ सालीं त्यांस उपदेश करण्याची परवानगी मिळाली व त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत किल्मार्नक शहरांतील एका मंडळीचे दुसरे पाळक म्हणून त्यांस दीक्षा देण्यांत आली. त्या वेळीं ते पंचवीस वर्षांचे होते.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही सुशिक्षित पाळकाच्या चरित्रांत शोभण्यासारखी आहे. विशेष हें कीं, दीक्षा मिळाल्यावर थोड्याच दिवसांत ह्या तरुण पाळकानें सरकारकडे एका नव्या यंत्राच्या सनदेसाठीं अर्ज केला. तें यंत्र वाफेवर चालणारें नव्हतें, पाण्याच्या प्रवाहावर चालणारें नव्हतें व वाऱ्यावरही नव्हतें. तें कोंडलेल्या हवेवर चालणारें होतें.

त्या काळची गरज

त्या वेळीं ग्रेट ब्रिटनमध्यें वाफेच्या यंत्रांचा प्रसार झपाट्यानें होत होता. खाणींतील पाणी उपसणें, कापूस कातणें, लोखंड ठोकणें, अशीं कामें वाफ करूं लागली होती. परंतु ह्या यंत्रांत दोन मोठे दोष होते. पहिला असा कीं, त्यांस कोळसा फार लागे. जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेचा फारच थोडा अंश कामीं येई व बाकीचा धुराड्यांतून व थंड पाण्यांतून फुकट जाई. दुसरा दोष ह्याहून भयंकर होता. वाफेचा दाब जसजसा वाढवूं लागले, तसतसे बंब फुटण्याचे अपघात होऊं लागले. १८०३ सालीं ग्रिनिच येथें ट्रेव्हिथिक ह्यांच्या यंत्राचा बंब फुटून माणसें ठार झालीं. त्या काळचें लोखंड एकसारख्या प्रतीचें नसे, सांधे पक्के नसत, आणि बंबापाशीं उभा असणारा मजूर गरीब असून त्यास धोक्याची कल्पनाही क्वचितच असे.

स्टर्लिंग ह्यांच्या पहिल्या सनदेंत मुख्य भर सरपणाची काटकसर कशी करावी ह्यावर होता. ह्या यंत्रापासून बंब फुटण्याचें भय नाहीं, हा गुणही पुढें त्याच्या बाजूनें लोक सांगूं लागले. तो खरा कसा, हें समजण्यासाठीं थोडें थांबून हवेचा स्वभाव पाहिला पाहिजे.

कोंडलेल्या हवेचा नियम

एखाद्या भांड्यांत हवा भरून त्याचें तोंड घट्ट बंद केलें व भांडें तापविलें, तर काय होतें? हवेला पसरावयास जागा नसते. तिचें आकारमान तेवढेंच राहतें. परंतु ती भांड्याच्या बाजूंवर अधिक जोरानें दाब देऊं लागते. भांडें थंड केलें म्हणजे तो दाब पुनः कमी होतो. ह्या गोष्टीचें बारकाईनें मोजमाप प्रथम गिलोम आमाँताँ नांवाच्या फ्रेंच शोधकानें केलें. हे गृहस्थ पॅरिस येथें १६६३ सालीं जन्मले होते व लहानपणींच बहिरे झाले होते. आपल्या हवेच्या उष्णमापकाच्या साह्यानें त्यांस १७०२ च्या सुमारास असें दिसून आलें कीं, गार पाण्याच्या उष्णमानापासून उकळत्या पाण्याच्या उष्णमानापर्यंत कोंडलेली हवा तापविली असतां तिचा दाब सुमारें एक तृतीयांशानें वाढतो. आणि हवा आरंभीं थोडी कोंडलेली असो किंवा पुष्कळ, वाढीचें प्रमाण तेंच राहतें. हवा सारखी थंड करीत गेल्यास शेवटीं तिचा दाब अगदींच नाहींसा होईल अशी एक सीमा असली पाहिजे, हेंही त्यांच्या शोधांतून निघत होतें.

पुढील शोधकांनीं हा नियम अधिक नेमका केला. शतांश मापाच्या शून्य अंशावर, म्हणजे बर्फ वितळतें त्या उष्णमानावर, कोंडलेल्या हवेचा जो दाब असेल, त्याच्या २७३ व्या हिश्शाएवढा दाब दर अंशागणिक वाढतो. आणि एकेक अंश थंड केल्यास तेवढाच कमी होतो. म्हणून उष्णमान शून्याखालीं २७३ अंशांपासून मोजावयास घेतलें, तर हिशेब फारच सोपा होतो. शून्य अंश म्हणजे २७३, २७ अंश म्हणजे ३००, आणि ३२७ अंश म्हणजे ६००. हा आंकडा जितक्या पटीनें वाढेल तितक्याच पटीनें दाब वाढेल. २७ अंशांची हवा ३२७ अंशांपर्यंत तापविली, तर ३०० चे ६०० झाले. म्हणून दाबही दुप्पट होईल.

ह्याचें कारणही आज ठाऊक आहे. हवा म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा समुदाय असून ते कण सदोदित इकडून तिकडे धांवत असतात व भांड्याच्या बाजूंवर आदळतात. त्या अगणित आघातांनाच आपण दाब म्हणतों. उष्णता दिली म्हणजे कणांचा वेग वाढतो, ते अधिक वेळां व अधिक जोरानें आदळतात, आणि दाब वाढतो.

ह्या नियमाचा अनुभव खेड्यांतही येतो. सकाळच्या थंडींत, उष्णमान २० अंश असतां, सायकलच्या चाकांत घट्ट हवा भरली व ती सायकल भर दुपारीं उन्हांत ठेविली, आणि आंतील हवा ५० अंशांपर्यंत तापली, तर २९३ चे ३२३ झाले. म्हणजे आंतील दाब सुमारें एक दशांशानें वाढला. चाक नवें असल्यास कांहीं होत नाहीं; पण जुन्या, ठिगळें लाविलेल्या नळीची एखादी कच्ची जागा तेवढ्यानेंही सुटते. बूच घट्ट लावलेला रिकामा डबा विस्तवांत टाकूं नये ह्याचेंही कारण हेंच. तो रिकामा दिसला तरी हवेनें भरलेला असतो. आणि त्यांत तेलाचे किंवा पाण्याचे चार थेंब राहिले असले तर धोका कैक पटींनीं वाढतो.

हा शेवटला मुद्दा लक्षांत ठेवण्यासारखा आहे, कारण हवा व वाफ ह्यांतील भेद ह्यांतच आहे. बंबांत पाणी व वाफ एकत्र कोंडलेलीं असतात. उष्णमान वाढलें म्हणजे आधींची वाफ तापते इतकेंच नव्हे, तर आणखी पाण्याची वाफ होऊन त्याच जागेंत येते. म्हणून तेथें दाब फार झपाट्यानें वाढतो. १०० अंशांवर बंबांतील वाफेचा दाब बाहेरील वातावरणाएवढा असतो. १२० अंशांवर तो सुमारें दुप्पट होतो. आणि १८० अंशांवर सुमारें दहापट. केवळ कोरडी हवा १०० पासून १८० अंशांपर्यंत तापविली, तर तिचा दाब फक्त एक पंचमांशानें वाढतो. शिवाय बंबास तडा गेला म्हणजे दाब एकदम उतरतो व आंतील अतिशय तापलेल्या पाण्याचा बराच भाग क्षणार्धांत वाफ होऊन बाहेर उसळतो. त्यामुळेंच एवढा घात होतो. हवेच्या यंत्रांत पाण्याचा असा सांठा नसतो. भांड्यास तडा गेला तर तेवढी कोंडलेली हवा सुटते व यंत्र थांबतें.

यंत्राची रचना

आतां स्टर्लिंग ह्यांनीं काय केलें तें पाहूं. त्यांनीं एक उभें लोखंडी नळकांडें घेतलें. त्याचें एक टोंक भट्टीनें तापत ठेविलें व दुसरें थंड ठेविलें. नळकांड्यांत एक लांबट, आंतून पोकळ असा सैल ठोकळा बसविला. हा ठोकळा थंड टोंकाकडे सरकला म्हणजे तेथील हवा त्याच्या बाजूनें वाट काढून तापलेल्या टोंकाकडे जाई. आणि ठोकळा तापलेल्या टोंकाकडे सरकला म्हणजे तीच हवा थंड टोंकाकडे येई. हवा तीच, तिला मिळणारी जागाही तेवढीच. बदले तें फक्त तिचें उष्णमान. हवा तापली कीं वर सांगितलेल्या नियमाप्रमाणें दाब वाढे, आणि तो दाब एका घट्ट बसविलेल्या दट्ट्याला ढकलून चाक फिरवी. मग ठोकळा सरके, हवा थंड होई, दाब उतरे, आणि दट्ट्या सहज मागें येई. जाण्यास लागणाऱ्या जोरापेक्षां परत येण्यास लागणारा जोर कमी, हीच यंत्राची कमाई.

परंतु स्टर्लिंग ह्यांची खरी प्रतिभा दुसऱ्याच एका गोष्टींत दिसून आली. तापलेली हवा थंड टोंकाकडे जातांना तिच्यांतील उष्णता पाण्यांत किंवा बाहेर टाकून दिली, तर पुढच्या खेपेस तितकीच उष्णता भट्टींतून पुनः घ्यावी लागेल व सरपण व्यर्थ जाईल. म्हणून त्यांनीं हवेच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर बारीक तारा किंवा पातळ पत्रे अशा रीतीनें बसविले कीं, हवेला त्यांस घासून जावें लागे. तापलेली हवा जातांना आपली बहुतेक उष्णता त्या धातूंत ठेवून जाई. आणि थंड हवा परत येतांना तीच उष्णता उचलून घेई. आपल्या घरांतील बाया रात्रीं चुलींतील निखारे राखेखालीं झांकून ठेवितात व सकाळीं त्याच विस्तवावर चूल पेटवितात. दर वेळीं नव्यानें अग्नि उत्पन्न करीत नाहींत. त्यासारखीच ही युक्ति होती. एवढी साधी गोष्ट ह्यापूर्वीं कोणी यंत्रांत योजिली नव्हती. उष्णतेचा असा सांठा करून तीच पुनःपुनः वापरण्याची ही कल्पना पुढें कांच व लोखंड ह्यांच्या भट्ट्यांतही फार उपयोगी पडली.

पहिला प्रयोग

१८१८ सालीं एअरशायरमधील एका दगडांच्या खाणींतील पाणी उपसण्यासाठीं स्टर्लिंग ह्यांचें पहिलें मोठें यंत्र उभें करण्यांत आलें. कांहीं काळपर्यंत तें चांगलें चाललें. परंतु यंत्रावर नेमलेल्या माणसाच्या हयगयीमुळें भट्टीवरील भांड्याचा तळ फाजील तापला, लोखंड मऊ पडलें, व यंत्र निकामी झालें. ही पहिली निराशा होती आणि पुढें जी अडचण ह्या यंत्राच्या वाट्यास जन्मभर आली, तिची चुणूक हींत दिसून आली. वाफेच्या बंबांत पत्र्याच्या आंतल्या बाजूस पाणी असतें व तें लोखंडाला फाजील तापूं देत नाहीं. हवेच्या यंत्रांत असा रक्षक नाहीं. भट्टीपुढचें लोखंड रात्रंदिवस जवळजवळ लाल होईपर्यंत तापत असतें. आणि त्या काळचें ओतीव लोखंड हें सोसण्यास असमर्थ होतें. नियम खरा होता, रचना खरी होती. उणी होती ती धातु.

किल्मार्नक येथें टॉमस मॉर्टन नांवाचे एक कल्पक यंत्रकार राहत असत. त्यांच्या कारखान्यांत स्टर्लिंग ह्यांस काम करावयास जागा मिळाली. तेथें त्यांनीं दुर्बिणीसारखीं कांचेचीं साधनेंही आपल्या हातांनीं तयार केलीं. १८१९ सालीं त्यांचा विवाह जीन रँकिन ह्यांच्याशीं झाला. ह्या दांपत्यास सात मुलें झालीं.

गॅल्स्टन येथील सेवा

१८२४ सालीं स्टर्लिंग ह्यांस गॅल्स्टन येथील मंडळीचे पाळक नेमण्यांत आलें. येथून पुढें त्यांचें सारें आयुष्य ह्या एकाच गांवीं गेलें. मोठ्या शहरांतील मोठ्या मंडळीच्या मागें ते लागले नाहींत. आणि यंत्रांच्या नादानें पाळकपणही सोडलें नाहीं. गांवांत पटकीची सांथ आली तेव्हां ते आपल्या लोकांतच राहिले व आजाऱ्यांच्या आणि मरणाऱ्यांच्या सेवेस त्यांनीं स्वतःस वाहून घेतलें. त्या काळीं पटकी कशानें होते हें वैद्यांसही नक्की ठाऊक नव्हतें. दूषित पाण्यांतून ती पसरते हें पुढें सिद्ध झालें. अशा वेळीं पटकी झालेल्याच्या घरांत पाऊल टाकणें म्हणजे आपला जीव धोक्यांत घालणें होतें. १८४० सालीं सेंट अँड्रूज विश्वविद्यालयानें त्यांस ईश्वरविज्ञानाचे डॉक्टर ही पदवी अर्पण केली.

पाळकाच्या घरामागें मात्र हत्यारांचा आवाज थांबला नव्हता. रॉबर्ट ह्यांचे धाकटे बंधु जेम्स स्टर्लिंग ह्यांनीं आरंभीं शिक्षण वेगळें घेतलें असलें, तरी शेवटीं ते यंत्रकारच झाले. रॉबर्ट ह्यांच्या यंत्रांत साध्या हवेऐवजीं आधींच दाबून भरलेली हवा वापरावी असें जेम्स ह्यांनीं सुचविलें. ह्या सूचनेचें महत्त्व वरील नियमावरूनच कळून येईल. साधी हवा २७ पासून ३२७ अंशांपर्यंत तापविली तर एका वातावरणाचा दाब दोन वातावरणांएवढा होतो. म्हणजे कामास एका वातावरणाचा फरक मिळतो. तीच हवा आधींच दहापट दाबून भरली असेल, तर दहाचा दाब वीस होतो, आणि कामास दहा वातावरणांचा फरक मिळतो. यंत्र तेवढ्याच आकाराचें राहून त्याचें बळ दहापट होतें. दोघां बंधूंनीं मिळून १८२७ व १८४० ह्या सालीं ह्या सुधारणांच्या सनदा मिळविल्या.

डंडी येथील यश व अपयश

जेम्स स्टर्लिंग हे डंडी शहरांतील लोखंडाच्या ओतशाळेचे व्यवस्थापक होते. १८४३ सालीं तेथील वाफेचें यंत्र काढून त्याच्या जागीं दोघां बंधूंनीं हवेचें यंत्र बसविलें. त्याचें बळ सुमारें चाळीस घोड्यांच्या बळाएवढें होतें. ओतशाळेंतील सर्व यंत्रें त्या एका यंत्रावर चालूं लागलीं, आणि पूर्वींपेक्षां कोळसा पुष्कळच कमी लागूं लागला. पंचवीस वर्षांपूर्वीं एका तरुण पाळकानें कागदावर काढलेली आकृति आतां शेंकडों मण लोखंड हालवीत होती. यंत्रकारांच्या सभेपुढें जेम्स ह्यांनीं ह्या यंत्राची माहिती वाचली व तिचा गौरवही झाला.

परंतु जुना वैरी मेला नव्हता. दोनअडीच वर्षें काम केल्यावर भट्टीवरील तापलेल्या भांड्यास तडा गेला. नवें भांडें बसविलें, तेंही गेलें. तिसरेंही गेलें. ओतशाळेच्या मालकांनीं आणखी खर्च करण्याचें नाकारिलें व १८४७ सालीं हवेचें यंत्र काढून पुनः वाफेचें यंत्र बसविलें. कारखाना ज्यांचा पैसा आहे त्यांच्या धीरावर चालतो. ह्यांत त्यांस दोष देतां येत नाहीं. पण तीस वर्षांच्या श्रमांची ही अखेर पाहून रॉबर्ट स्टर्लिंग ह्यांच्या मनास काय वाटलें असेल, ह्याची कल्पना कोणासही करितां येईल. त्यानंतर त्यांचें एवढें मोठें यंत्र त्यांच्या हयातींत पुनः उभें राहिलें नाहीं.

ह्याच सुमारास त्यांच्या यंत्राची एक लहान प्रतिकृति निराळेंच काम करीत होती. ती ग्लासगो विश्वविद्यालयांत होती व तेथील तरुण अध्यापक विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून जगप्रसिद्ध झाले, ते तिच्या साह्यानें उष्णतेपासून काम कसें निघतें ह्याचा विचार करीत. १८४८ सालीं त्यांनीं उष्णमानाचें निरपेक्ष माप सुचविलें. शून्याखालीं २७३ अंशांपासून उष्णमान मोजण्याची जी रीत वर सांगितली, ती आज त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. कारखान्यांतून बाहेर पडलेलें यंत्र अशा प्रकारें विद्येच्या मंदिरांत शिक्षक होऊन बसलें.

उत्तरकाळ व मृत्यु

गॅल्स्टनच्या पाळकांच्या घरांतील मुलांनीं मात्र बापाची आवड पुढें चालविली. थोरले पुत्र पॅट्रिक हे इंग्लंडांतील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचे मुख्य यंत्रकार झाले. १८७० पासून त्यांनीं बांधलेलीं, आठ फूट व्यासाच्या चाकांचीं, वेगवान आगगाडीचीं एंजिनें फार नांवाजलीं गेलीं. दुसरे एक पुत्र जेम्स हेही आगगाडीचीं एंजिनें बांधण्यांत प्रसिद्धीस आले. आणखी दोघे पुत्र दक्षिण अमेरिकेंत रेल्वेच्या कामावर गेले, आणि डेव्हिड नांवाचे पुत्र बापाप्रमाणें मंडळीचे पाळक झाले. ज्या घरांत दोन विद्यांचा संसार सुखानें नांदला, त्या घरांतून दोन्ही प्रकारचे सेवक निघाले.

१८५६ पासून बेसेमर ह्यांच्या रीतीनें पोलाद स्वस्त व मुबलक होऊं लागलें. १८७६ सालीं, पंचायशी वर्षांचे असतां, रॉबर्ट स्टर्लिंग ह्यांनीं लिहून ठेविलें कीं, हें पोलाद पस्तीस-चाळीस वर्षें आधीं मिळतें तर हवेचें यंत्र खास यशस्वी झालें असतें. आणि आतां तें पुरें करण्याचें काम कोणा दुसऱ्या कुशल व उद्योगी माणसाच्या हातून व्हावयाचें आहे. त्यांत कोणाविषयीं कुरकुर नव्हती. आपण पेरलें, पीक दुसरा कापील, एवढेंच त्यांस म्हणावयाचें होतें. ता. ६ जून १८७८ रोजीं, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं, गॅल्स्टन येथेंच त्यांचें देहावसान झालें.

पुढील हकीकत

त्यांचा अंदाज खरा ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हवेवर चालणारीं लहान लहान यंत्रें विहिरींचें पाणी चढविण्यासाठीं व हलक्या कामांसाठीं हजारोंनीं विकलीं गेलीं. कारण त्यांस बंब नको व बंबावर शिकलेला माणूसही नको. वीज येण्यापूर्वीं आपल्या हिंदुस्थानांतही घासलेटच्या दिव्यावर फिरणारे पंखे परदेशांतून येत असत; त्या पंख्यांत हेंच तत्त्व होतें. विजेची मोटार व तेलाचीं यंत्रें आल्यावर हीं मागें पडलीं. परंतु १९३० नंतरच्या दशकांत हॉलंडांतील फिलिप्स कंपनीनें, जेथें वीज नाहीं तेथें बिनतारी यंत्रें चालविण्यासाठीं, स्टर्लिंग ह्यांची रचना पुनः हातीं घेतली. ह्या वेळीं उष्णता सोसणारी उत्तम धातु उपलब्ध होती. पुढें असेंही करण्यांत आलें कीं, यंत्रास उष्णता देऊन काम घेण्याऐवजीं काम देऊन उलटें चालवावें. तसें केल्यास तें थंडी उत्पन्न करितें, आणि ती इतकी कीं हवासुद्धां पाण्यासारखी पातळ होते. १९९६ सालापासून स्वीडन देशाच्या आरमारांतील गोटलंड वर्गाच्या पाणबुड्यांत बाहेरील हवा न घेतां पाण्याखालीं पुष्कळ दिवस राहण्यासाठीं स्टर्लिंगचीं यंत्रें बसविण्यांत आलीं. डंडीच्या ओतशाळेंतून भंगारांत गेलेली कल्पना दीडशें वर्षांनंतर समुद्राच्या तळाशीं काम करूं लागली.

प्रिय वाचकहो, ह्या चरित्रांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. सृष्टीचे नियम राजवाड्यांत व झोंपडींत सारखेच चालतात. सायकलच्या चाकांत कोंडलेली हवा व डंडीच्या नळकांड्यांत कोंडलेली हवा एकाच कायद्यानें बांधलेली आहे. जो डोळे उघडे ठेवून पाहतो त्यास तो कायदा खेड्यांतही दिसतो. रॉबर्ट स्टर्लिंग ह्यांस मोठें शहर, मोठी संपत्ति किंवा मोठें अधिकारपद लाभलें नव्हतें. शेतकऱ्याचें घर, खेड्यांतील मंडळी, मित्राच्या कारखान्यांतील एक कोपरा व भावाचें साह्य, एवढ्यावर त्यांनीं आपलें काम केलें. विद्येसाठीं त्यांनीं मंडळीची हेळसांड केली नाहीं, व मंडळीचें निमित्त सांगून बुद्धि गंजूं दिली नाहीं.

आणखी असें कीं, ज्या कामांत सत्य आहे तें काम करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पुरें झालें नाहीं, म्हणून तें वायां गेलें असें होत नाहीं. तीन वेळां भांडें फुटलें तेव्हां लोकांस वाटलें कीं पाळकसाहेबांची कल्पना खोटी ठरली. वास्तविक कल्पना खोटी नव्हती; तिला पेलणारी धातु अजून जन्मास यावयाची होती. आपल्या गांवांतील शाळा, विहिरीचें काम, मुलींचें शिक्षण, व्यसनमुक्तीचा प्रयत्न, ह्यांपैकीं कांहीं एकदोन वेळां फसलें म्हणजे आपण लागलेच हात जोडून बसतों. अशा वेळीं गॅल्स्टनच्या ह्या वृद्ध पाळकाची आठवण करावी. फुटलेलें भांडें नीट तपासावें, दोष नियमांत आहे कीं धातूंत आहे हें पाहावें, आणि आपल्या हातून जेवढें होईल तेवढें करून बाकीचें पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावें.